आधी पाणी, मग वाणी

बाळा, पुण्यात हॉटेलात लागलास, टेबलं सांभाळतोस, हे ताईनं फोनवर सांगितलं. चांगलं केलंस. मी याच धंद्यात वेटरचा कॅप्टन झालो, कॅप्टनचा मॅनेजर, म्हणून हे लिहून पाठवतोय. सगळं एकदम पाठ करू नकोस, रोज एखादं वापरून बघ. तुझ्यावर खेकसणारी बहुतेक माणसं वाईट नसतात रे, भुकेली असतात.

१. गिऱ्हाईक बसलं की ऑर्डरीला वेळ असला तरी आधी पाणी ठेव – आपल्याला कुणी पाहिलंय एवढं कळलं की माणूस दहा मिनिटं निवांत बसतो. ‘साधं की बाटली?’ हे विचारल्याशिवाय झाकण उघडू नकोस.

२. ग्लास बुडाशी धर. एका मुठीत चार ग्लास उचलायचे म्हणून आत बोटं बुडवणारी मुलं तुला तिथंही दिसतील, त्यांचं बघून शिकू नकोस – गिऱ्हाइकाची पहिली नजर त्या बोटांवर जाते, आणि मग मिसळ कितीही झणझणीत असो, त्याला ती बोटंच आठवतात.

३. ऑर्डर लिहून घे आणि वाचून दाखव – चूक भटारखान्यात झाली तरी बोलणी बाहेर तुलाच बसतात.

४. ‘जैन’ म्हटलं की नुसता कांदा-लसूण नाही, बटाटा, गाजर, मुळाही वगळायचा. उपवासवाल्याला कोथिंबीर चालते का ते विचार – घरोघरी उपवास वेगळा असतो.

५. कुणी ‘शेंगदाणा चालत नाही’ म्हणालं तर हातातलं काम सोड आणि आचाऱ्याला जाऊन विचार. आपल्याकडे कूट खिचडीत असतं, कोशिंबिरीत असतं, भरल्या वांग्यात असतं, ठेच्यातही असतं, म्हणून अंदाजानं ‘नाही हो त्यात’ असं कधीही सांगायचं नाही – एखाद्याचा घसा सुजून श्वास अडकला तर तुझी माफी त्याच्या काही कामाची नाही. गर्दी असो, मालक ओरडो, या एका बाबतीत घाई करायची नाही.

६. उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आत सांग, आणि खरा आकडा सांग. रविवारी सकाळी बाहेर रांग असताना ‘पाचच मिनिटं’ म्हणू नकोस – खरी वीस पचतात, खोटी पाच बाधतात.

७. ताटात केस निघाला, भाजी आंबली, तर वाकून तपासत उभा राहू नकोस. आधी ताट उचल, मग ‘बदलून आणतो’ म्हण – ते ताट समोर असेपर्यंत राग उतरत नाही. अर्धा डोसा खाऊन ‘बेचव आहे’ म्हणणाराही भेटेल, त्याचा निवाडा कॅप्टनवर सोड. ज्याच्या हातात फडका, त्याच्या डोक्यात नको भडका.

८. जादा पाव, जादा रस्सा यांचे पैसे पडत असतील तर आणण्याआधीच सांग – दहा-वीस रुपयांवरून होणारी भांडणं पैशांची नसतात, न सांगितल्याची असतात.

९. बिल वाचायला शीक. पाच टक्के जीएसटी म्हणजे अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. तो कर आहे. सर्व्हिस चार्ज ही वेगळी गोष्ट, तो सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसं बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. कुणी ‘काढा’ म्हणालं तर हुज्जत नको, बिल कॅप्टनकडे ने – गिऱ्हाइकाचं म्हणणं बरोबर आहे.

१०. चुटकी वाजवून ‘ए’ म्हणून बोलावणारे असतातच. जवळ जा, शांतपणे आपलं नाव सांग – नाव कळलं की बहुतेकांचा आवाज उतरतो. ज्याचा उतरत नाही, जो आईबहिणीवरून शिवी देतो किंवा अंगावर हात टाकतो, त्याच्यापुढे मात्र उभं राहायचं नाही. मागे हो आणि कॅप्टनला बोलाव. ‘गिऱ्हाईक आहे, सहन कर’ असं मालक म्हणाला तर दुसरं काम शोध. नम्रपणा पगारात येतो, मार खाणं येत नाही.

११. टीपवर डोळा ठेवून उभा राहू नकोस. पेटी एकत्र असेल तर भांडी घासणाऱ्या पोराचा वाटा आधी काढा – त्यानं ताट स्वच्छ दिलं म्हणून तुला ते मिरवता येतं.

१२. गर्दीच्या आधी दोन घास खाऊन घे – उपाशी माणसाला दुसऱ्याची भूक झेलवत नाही. न घसरणारे बूट घाल, रात्री पाय उशीवर ठेव.

१३. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानं आठवड्याची एक सुट्टी तुझ्या हक्काची आहे, आणि जादा तासांना दुप्पट दर. रविवार मिळणार नाही, तो धंद्याचा दिवस. मधला वार माग आणि लाजेनं सोडून देऊ नकोस. पहिल्या सुट्टीला आमच्याकडेच जेवायला ये.