कांद्याची पात

मुलांनो, टोपलीतल्या कांद्याला हिरवा कोंब आलेला तुम्ही पाहिला असेल. "हा वाया गेला," असे म्हणून आपण तो फेकून देतो. पण थांबा! त्याच कांद्यापासून ताजी पात मिळते. उर्दूत आपण तिला हरा प्याज म्हणतो.

पनवेल तालुक्यातील गव्हाण हे भातशेतीचे गाव. 1970 साली सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबई वसवण्यासाठी 95 गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. त्यांत गव्हाणही होते. शेतांच्या जागी रस्ते आणि इमारती आल्या. शेत गेले, की घरची भाजीही जाते. मग जुडीभर पातीसाठीसुद्धा बाजार गाठावा लागतो.

आपल्याच रायगड जिल्ह्यात अलिबागचे शेतकरी भात कापल्यावर पांढरा कांदा लावतात. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तुमच्याकडे शेत नसेल. पण खिडकीत ऊन येते ना? तेवढे पुरे.

एक रिकामा डबा घ्या. पाणी निघून जाण्यासाठी तळाला भोके पाडा. डब्यात माती व शेणखत भरा. कोंब आलेला कांदा अर्धा मातीत पुरा. कोंब वर राहू द्या. पाणी बेताने घाला. जास्त पाणी झाले, तर कांदा कुजतो. कांद्याच्या पाकळ्यांत अन्न साठवलेले असते. त्यावरच कोंब वाढतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांत पात कापण्याजोगी होते. कापताना दोन बोटे देठ ठेवा, म्हणजे ती पुन्हा फुटते. मात्र साठा संपला, की कांदा पोकळ होतो. मग नवा लावा. लसणाच्या पाकळ्याही अशाच लावता येतात. युरोपात चाइव्ह नावाची बारीक पातही कुंडीत लावतात.

आता भाजी करू या. पात धुऊन बारीक चिरा. तेलात मोहरी, लसूण, मिरची व हळद घालून पात परता. ती शिजून कमी होते, म्हणून मीठ बेतानेच घाला. वरून बेसन पेरा आणि झाकण ठेवून वाफ आणा. तांदळाच्या भाकरीबरोबर ही भाजी छान लागते. ऑम्लेटमध्ये किंवा खिम्यावर मात्र पात कच्चीच घाला; तिचा वास टिकतो.

आज घरी जाल, तेव्हा आधी कांद्याची टोपली पाहा.

शब्दार्थ : बेताने – थोडे, जरुरीपुरते, पेरणे – येथे, भुरभुरणे, साठा – जमवून ठेवलेली वस्तू.

स्वाध्याय
1. डब्याच्या तळाला भोके का पाडतात?
2. गव्हाणमध्ये शेतांच्या जागी काय आले?
3. एक कांदा लावा. पात किती वाढली, ते दर चार दिवसांनी मोजून वहीत लिहा.