कासवाला गच्चीवर न्यावं का?

प्रश्न : आमच्याकडे अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून आणलेलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव आहे. आणलं तेव्हा रुपयाएवढं होतं, आता तळहातात मावत नाही. हल्ली ते टाकीच्या कोपऱ्यात सारखं नखांनी खरवडत असतं. आजी म्हणते, त्याला बाहेरची हवा हवी. रविवारी गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत फिरायला नेलं तर चालेल का? — एक वाचक, ठाणे

आजींचं निदान अर्धं बरोबर आहे. कासवाला हवा नको आहे, ऊन हवं आहे. तुमचं कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. त्याचं मूळ घर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात. तिथे ते दिवसाचा बराच वेळ पाण्यातून वर आलेल्या ओंडक्यावर पाय पसरून पडलेलं असतं. हा आळस नव्हे. उन्हातले अतिनील-ब किरण त्वचेवर पडले की शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या जोरावर अन्नातलं कॅल्शियम अंगी लागतं. हे मिळालं नाही तर हाडं मऊ पडतात, कवच वेडंवाकडं वाढतं, दाबलं तर दबतं. घरात वाढलेल्या कासवांचा हा नेहमीचा आजार आहे.

टाकी खिडकीशी ठेवली म्हणजे भागलं, असं पुष्कळांना वाटतं. भागत नाही. खिडकीची काच नेमके हेच किरण अडवते आणि उष्णता मात्र आत सोडते. उघड्या गच्चीवर काचेची टाकीच उचलून ठेवणं तर सगळ्यांत वाईट. पाणी भराभर तापतं आणि कासवाला पळायला जागा नसते.

‘सकाळचं कोवळं ऊन’ हा आपला दुसरा लाडका समज. बाळाला न्हाऊ घालून कोवळ्या उन्हात धरायचं, तसंच कासवालाही. पण सूर्य खाली असताना किरणांना हवेचा जाड थर ओलांडून यावं लागतं आणि अतिनील-ब त्यातला बराचसा वाटेतच गळतो. सातच्या उन्हात ऊब असते. ज्यासाठी कासव बाहेर काढलं ते त्यात फारसं नसतं. थंडीच्या दिवसांत ठाण्यात साधारण नऊ ते साडेदहा ही चांगली वेळ. मार्चनंतर आठच्या सुमारास न्या आणि ऊन चटका देऊ लागण्याआधी परत आणा. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी एप्रिल-मेमध्ये हा कार्यक्रमच रद्द करावा आणि टाकीवर अतिनील-ब देणारा दिवा लावावा. आठवड्यातून तीन-चार वेळा वीस-तीस मिनिटं पुरेशी आहेत.

आता खरी काळजीची गोष्ट. कासवाला घाम येत नाही. तापलं की सावलीत जायचं किंवा पाण्यात उडी घ्यायची, एवढाच त्याच्याकडे उपाय. आपण त्याला मोकळ्या गच्चीच्या मधोमध ठेवलं की हा उपाय काढून घेतो. गडद रंगाचं कवच झपाट्याने तापतं आणि शरीराचं तापमान चाळीस अंशांच्या आसपास गेलं की जिवावर बेततं. त्यात ते उलटं पडलं, तर आणखी पंचाईत. सपाट, गुळगुळीत फरशीवर सरळ होणं सगळ्यांना जमतंच असं नाही. कासव सैरावैरा पळू लागलं, तोंड उघडं ठेवू लागलं, तोंडाशी फेस दिसला, की ते ‘खेळतंय’ असं समजू नका. लगेच सावलीत आणा आणि साध्या, नेहमीच्या पाण्यात ठेवा. डोकं पाण्याबाहेर राहील इतकंच पाणी घ्या. बर्फाचं पाणी नको, तो झटका त्याला सोसत नाही. मग तडक प्राण्यांच्या डॉक्टरकडे. शक्य तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला डॉक्टर आधीच शोधून ठेवा, कारण कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर कासव पाहिलेला असतोच असं नाही.

गच्चीवर करायचं ते एवढंच. मोठा प्लास्टिकचा टब घ्या. कडा कासवाच्या लांबीच्या दुप्पट तरी उंच हव्यात, कारण कासवं चढण्यात आपल्या कल्पनेपेक्षा फार तरबेज असतात. टबात कासव पूर्ण बुडेल इतकं पाणी भरा, एका बाजूला वीट तिरकी लावून वर येण्याची जागा करा आणि अर्ध्या टबावर पोतं किंवा फळी टाकून दाट सावली ठेवा. ऊन की सावली, हे कासवाला ठरवू द्या. तळहाताची मागची बाजू फरशीवर टेकवून पाहा. तुम्हाला पाच सेकंद धरवत नसेल तर टब थेट फरशीवर ठेवू नका. खायला काही देऊ नका. या जातीला घास पाण्यातच गिळता येतो, आणि टबातलं पाणी विनाकारण घाण होतं.

टबावर जाळी हवी. कावळा आणि घार हे गच्चीवरचे जुने भाडेकरू आहेत आणि तळहाताएवढं कासव त्यांना जड नाही. बागेत कुत्रं असतं. कासव कवचात शिरलं की सुरक्षित, हे गोष्टीत ठीक. कुत्र्याचे दात कवच फोडतात आणि असं फुटलेलं कवच जुळवायला दवाखान्यात महिने जातात. बागेबद्दल मी तसाही उत्साही नाही. हिरवळीवर खत आणि कीटकनाशक मारलेलं असतं, कुंपणाला कण्हेर असते, आणि तुम्ही फोन घेईपर्यंत कासव झुडपात गेलेलं असतं.

बाल्कनी मात्र अजिबात नको. रॉबर्ट यर्क्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या जातींची कासवं उंच फळीच्या काठावर ठेवून पाहिली होती. त्याचा निबंध १९०४ सालचा आहे. जमिनीवर राहणारी कासवं काठावर थबकली, खाली पाहून मागे फिरली. पाण्यातली मात्र फारसा विचार न करता खाली पडली. यात मूर्खपणा नाही. ओंडक्यावरून घाबरून उडी मारली की खाली पाणीच असतं, हे त्यांच्या रक्तात आहे. चौथ्या मजल्याच्या कठड्याखाली पाणी नसतं, हे त्यांना कोण सांगणार?

कवचाच्या कडेला भोक पाडून दोरी बांधायची आणि ‘फिरवायचं’, हा प्रकारही अधूनमधून दिसतो. कवच म्हणजे वरून चढवलेलं चिलखत नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्याच पसरून ते बनलेलं असतं, त्याला रक्तपुरवठा असतो, संवेदना असते. भोक पाडणं म्हणजे जिवंत हाडाला भोक पाडणं. पट्टाही नको. फिरायला जाण्याची त्याला मुळात हौस नाही. जमिनीवर ते स्वतःला उघडं पडलेलं समजतं.

राहिलं खरवडणं. टाकी लहान पडत असेल, हे पहिलं कारण. दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही : तुमचं कासव मादी असू शकतं. पुढच्या पायांची नखं आखूड आणि शेपूट बारीक असेल तर तीच शक्यता जास्त. वयात आलेली मादी नराशिवायही अंडी धरते आणि ती घालायला माती शोधते. माती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून जीव जाऊ शकतो. खरवडण्यासोबत खाणं कमी झालं असेल, तर गच्चीच्या आधी डॉक्टर. एक्स-रेमध्ये अंडी दिसतात.

आणि हात साबणाने धुवा, टब स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये विसळू नका. निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलं छोटी कासवं सरळ तोंडात घालत, म्हणून अमेरिकेने १९७५ सालीच चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. आपल्याकडे अजून रुपयाएवढी मिळतात.

प्रश्न : माझ्या मावशीकडे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव आहे. त्यालाही असंच ऊन द्यायचं का? — एक वाचक, लातूर

आधी मावशींना सांगा की ते तारा कासव आहे आणि ते घरात ठेवणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहे. त्याची आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीही २०१९ पासून बंद आहे. ‘घरात असलं की पैसा टिकतो’ या समजापायी ही कासवं हजारांनी पकडली गेली. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. ऊन कसं द्यायचं ते पुढे त्यांना पाहू द्या.

प्रश्न : आमचं लाल पट्ट्याचं कासव आता फार मोठं झालंय. मुलं पुण्याबाहेर शिकायला गेली. देवळाच्या तलावात सोडलं तर त्यालाही मोकळं वाटेल आणि पुण्यही लागेल, असं घरच्यांचं मत आहे. — एक वाचिका, पुणे

कृपा करून सोडू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जातींच्या यादीत हे कासव आहे. युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ मध्ये थांबवली. जपानमध्ये ते इतकं बोकाळलं की जून २०२३ पासून तिथे ते विकायला आणि बाहेर सोडायला बंदी आहे; घरात असलेलं सांभाळायला मात्र परवानगी आहे, कारण नाहीतर लोकांनी धाकाने रातोरात तलाव भरले असते. आपल्याकडे गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तलावात आणि दीपोर बीलमध्ये ते सापडलं आहे. मासे, बेडूक, त्यांची अंडी, पाणवनस्पती, काहीही त्याला चालतं. उन्हात बसायच्या जागेवरून ते देशी कासवांना हुसकावतं आणि सोबत आजारही नेतं. तलावातलं पुण्य देशी कासवांना भोवतं.

मोठ्या मादीचं कवच फूटभर होतं आणि आयुष्य तीस वर्षांचं असू शकतं, हे विकणारा सांगत नाही. आता तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. जागा असेल तर अंगणात सिमेंटचं छोटं टाकं बांधून, कडेला वाळूचा पट्टा आणि वर जाळी ठेवून तिथेच सांभाळा. असं कासव टाकीतल्यापेक्षा कितीतरी बरं राहतं. नाहीतर वनविभागाशी किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेशी बोलून रीतसर सोपवा. संस्थांकडे या कासवांची आधीच गर्दी असते, तेव्हा पहिल्याच फोनला होकार मिळेल असं धरून चालू नका. तोवर पाणी बदलत राहा.