दुकानातील जुना संगणक : त्याचा भार आणि आपली गुप्तता

आज व्यापाऱ्याच्या पेढीवर संगणकावाचून दिवस उलगडत नाही. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचा भरणा, बाजारभाव ही सर्व कामे त्यावर होतात, आणि तीही बहुतांशी ‘ब्राउझर’ नावाच्या एकाच खिडकीतून. असे असूनही या खिडकीची रीत समजून घेण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. आम्हीही घेतली नव्हती. त्याचे प्रायश्चित्त आम्हांस घ्यावे लागले. तसे ते सभासद बंधूंवर येऊ नये, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या पेढीवरचा संगणक २०१४ साली घेतलेला. मध्यंतरी तो इतका मंदावला, की एक ई-वे बिल काढावयास पंधरा मिनिटे लागत आणि भरलेली गाडी दारात खोळंबून राही. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी ‘नवा घ्या’ एवढाच सल्ला दिला. त्याच सुमारास आमच्या घरी एक गंभीर आजारपण उद्भवले होते. मुलांना व नातलगांना ते इतक्यात कळू नये, म्हणून दुकान बंद झाल्यावर आम्ही रात्री एकटेच बसून त्या रोगाची व रुग्णालयांची माहिती त्याच संगणकावर वाचीत असू, आणि वाचून झाले की संगणक बंद करून घरी जात असू.

एके दिवशी पेठेतील एका स्नेह्यांनी घरच्या प्रकृतीची चौकशी केली आणि रोगाचे नावही घेतले. आमचा संशय तत्काळ आमच्या दिवाणजींवर गेला. अकरा वर्षे आमची रोजकीर्द सांभाळणारे हे गृहस्थ. त्यांस आम्ही चार माणसांदेखत नको ते बोललो. त्यांनी उलट उत्तर दिले नाही. किल्ल्या गल्ल्यावर ठेवल्या आणि ते निघून गेले.

तिसऱ्या दिवशी आमचा पुतण्या संगणक पाहावयास आला. त्याने ब्राउझर उघडताच आमची रात्रीची पाने एकामागून एक आपोआप उघडू लागली. त्याने मोजली, ती सत्तावीस भरली. मग पत्त्याच्या पट्टीत त्याने एकच अक्षर टंकले, तो त्याखाली रुग्णालयाचे नाव उमटले. ते स्नेही दिवाणजींच्या शेजारी बसून आपल्या मालाचे बिल काढून घेत होते, तेव्हा हेच त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचले होते. दोष सर्वस्वी आमचा होता. त्याच संध्याकाळी आम्ही दिवाणजींच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ते कामावर परत आले. पण बोललेला शब्द काही परत आला नाही.

ज्या सत्तावीस पानांनी आमच्या घरची गोष्ट उघडी केली, त्यांनीच संगणकही मंद केला होता. म्हणून भार आणि गुप्तता या दोहोंचा विचार येथे एकत्र करीत आहोत. मात्र दोन्ही विकार भिन्न असून त्यांची औषधेही भिन्न आहेत, हे आरंभीच सांगून ठेवतो.

पुढचे दुकान आणि मागची वखार

संगणकात माहिती ठेवण्याच्या दोन जागा असतात. ‘रॅम’ म्हणजे पुढचे दुकान. हाताखालचा माल तेथे असतो. ‘डिस्क’ म्हणजे मागची वखार. तेथे जागा पुष्कळ, पण माल आणावयास वेळ लागतो. पुढच्या दुकानात पोती मावेनाशी झाली, की काही पोती वखारीत न्यावी लागतात, आणि गिऱ्हाइकाने मागितली की पुन्हा पुढे आणावी लागतात. संगणकही हेच करतो. रॅम भरली की तो काही माहिती डिस्कवर टाकतो व लागेल तेव्हा परत उचलतो. जुन्या संगणकातील डिस्क फिरत्या चकतीची असल्याने ही हमाली फार मंद चालते. दिवा सतत लुकलुकतो, आणि आपण समजतो की संगणक म्हातारा झाला.

रॅम भरलेली दिसणे हा स्वतः दोष नव्हे. रिकामे दुकान ठेवून कोणास नफा झाला आहे? रॅम भरली आणि वखारीच्या खेपा सुरू झाल्या, तरच चिंता करावी.

ब्राउझर इतकी जागा का घेतो, यालाही कारण आहे. २००८ साली क्रोम निघाला, तेव्हापासून त्याने निरनिराळ्या पानांसाठी निरनिराळी दालने ठेवण्याची पद्धत आणली. एक पान बिघडले तरी बाकीची चालू राहावीत, हा हेतू. जानेवारी २०१८ मध्ये संगणकाच्या मुख्य चिपांतील ‘स्पेक्टर’ नावाचा दोष जगजाहीर झाला. त्यामुळे एका पानास दुसऱ्या पानातील माहिती चोरून वाचता येण्याचा धोका होता. म्हणून त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक संकेतस्थळास स्वतंत्र दालन देण्याचा नियम पक्का केला, आणि त्यापायी रॅमचा खर्च सुमारे १० ते १३ टक्के वाढल्याचे गूगलने स्वतःच सांगितले. एका पोत्यातील किडा दुसऱ्यात जाऊ नये म्हणून आपण थप्पी अलग लावतो. त्यात जागा जाते, पण माल वाचतो. हा वाढीव खर्च राखणदारीचा आहे. तो वाचविण्यासाठी ही सोय बंद करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये.

भार हलका करण्याचे उपाय

१) प्रथम मोजावे, मग बोलावे. क्रोम किंवा एज उघडा असता ‘शिफ्ट’ व ‘एस्केप’ या कळा एकत्र दाबल्या, की कोणते पान किती जागा अडविते त्याची यादी येते. फायरफॉक्समध्ये हीच यादी ‘मोअर टूल्स’मधील ‘टास्क मॅनेजर’खाली मिळते. सर्वांत वर जे दिसेल, तेच प्रथम बंद करावे.

२) काम संपले की पान बंद करावे. पुन्हा लागणाऱ्या पानाचा पत्ता ‘बुकमार्क’ करून ठेवावा. पान उघडे ठेवणे हा स्मरणाचा मार्ग नव्हे.

३) ब्राउझर सुरू होताच कालची पाने उघडण्याची सवय ‘ऑन स्टार्टअप’ या सेटिंगमध्ये बदलता येते, तेथे नवे कोरे पान निवडावे. क्रोममध्ये ‘सिस्टीम’ या सदरात, ब्राउझर बंद केल्यावरही मागे काही कामे चालू ठेवण्याची मुभा असते. तीही काढून घ्यावी.

४) क्रोमच्या ‘परफॉर्मन्स’ या सदरात ‘मेमरी सेव्हर’ आहे, आणि एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ आहे. ती चालू ठेवल्यास न वापरलेली पाने निजवून ठेवली जातात. फायरफॉक्स रॅम कमी पडू लागली की अशी पाने आपणहून उतरवितो. अर्धवट भरलेल्या विवरणपत्राचे पान मात्र जागे ठेवण्याच्या यादीत घालावे.

५) ‘कॅश’ पुसली की संगणक वेगवान होतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. कॅश ही वखारीत ठेवलेली नक्कल आहे. ती पुसल्याने पुढच्या दुकानातील गर्दी हटत नाही; उलट पुढच्या वेळी तेच पान नव्याने आणावे लागते. एखादे पान चुकीचे किंवा जुने दिसत असेल, तेव्हाच हा उपाय कामाचा.

एवढे करूनही भागले नाही, तर नवा संगणक घेण्यापूर्वी फिरती डिस्क काढून ‘एसएसडी’ बसवावी, आणि रॅम ४ जीबी असल्यास व संगणकात सोय असल्यास ८ जीबी करावी. आमचे काम तेवढ्यावर भागले.

फुकटचा हमाल

ब्राउझरला जोडावयाच्या लहान साधनांना ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. त्यांविषयी एक सत्यकथा सांगण्यासारखी आहे. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचे एक एक्स्टेन्शन न वापरलेली पाने निजवून रॅम वाचवीत असे. ते विनामूल्य होते आणि वीस लाखांहून अधिक लोक ते वापरीत. जून २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याच्या हवाली केले. पाटी तीच राहिली, मालक बदलला. पुढे त्यात घातक संहिता असल्याच्या कारणावरून गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये ते काढून टाकले व लोकांच्या संगणकांवरही बंद केले. भार उतरविण्यासाठी ठेवलेल्या हमालाच्या हाती आपण वखारीची किल्ली दिली होती, असाच त्याचा अर्थ. एक्स्टेन्शन जितकी कमी तितकी बरी; जे रोज लागत नाही ते काढून टाकावे.

गुप्ततेचे उपाय

पान बंद केले की जागा मोकळी होते, पण नोंद राहते. ‘हिस्टरी’ ही ब्राउझरची रोजकीर्द आहे, आणि पत्त्याच्या पट्टीत उमटणारी नावे बहुधा तिच्यातूनच येतात. ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘डिलीट’ या कळा एकत्र दाबल्या असता ती पुसण्याची खिडकी उघडते. तेथे कोणत्या चौकटींवर खूण आहे हे वाचूनच पुढे जावे. ‘पासवर्ड’ या चौकटीवर खूण राहिल्यास साठविलेले सर्व संकेतशब्द जातील. ‘कुकीज’ पुसल्यास बहुतेक ठिकाणी पुन्हा प्रवेश करावा लागेल. तसेच एकाच खात्याने दुकानचा संगणक व घरचा फोन ‘सिंक’ केलेले असतील, तर दुकानची हिस्टरी घरच्या फोनवरही दिसू शकते, हे ध्यानात असावे.

खाजगी वाचनासाठी ‘इनकॉग्निटो’ किंवा ‘प्रायव्हेट’ खिडकी वापरावी. तिची सर्व पाने बंद केली, की त्या वाचनाची हिस्टरी व कुकीज त्या संगणकावर मागे राहत नाहीत. परंतु हा पडदा दुकानातील माणसांपुरताच आहे. संकेतस्थळास आपली भेट कळते, आणि इंटरनेट पुरविणाऱ्यासही आपण कोठे गेलो ते कळू शकते. याच गैरसमजावरून २०२० साली अमेरिकेत गूगलवर दावा झाला, आणि २०२४ मध्ये तडजोडीने गूगलने अशा कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. या खिडकीने रॅमही वाचत नाही. तिच्यातील पाने इतर पानांइतकीच जागा घेतात.

‘कुकी’ ही कल्पना १९९४ साली लू माँटुली यांनी नेटस्केप या कंपनीत काढली. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या हाती दिलेला तो एक बिल्ला आहे. पुन्हा आल्यावर ओळख पटते. ही गोष्ट वाजवी आहे. पण शेकडो दुकानांत बसलेला एकच दलाल प्रत्येक ठिकाणी तोच बिल्ला तपासू लागला, तर आपण कोठे काय विचारले हे त्यास समजते. अशा बिल्ल्यांना ‘थर्ड पार्टी कुकीज’ म्हणतात. माग काढणाऱ्या अशा पुष्कळ कुकीज फायरफॉक्स २०१९ पासून आपणहून अडवितो; क्रोममध्ये ‘प्रायव्हसी’ या सदरात जाऊन त्या आपण अडवाव्या लागतात. जाहिराती व माग काढणाऱ्या संहिता रॅमही खातात; त्या अडविल्या की भार व गुप्तता ही दोन्ही कामे साधतात.

खरी भिंत वेगळीच आहे. मालक, दिवाणजी आणि घरची मंडळी यांची विंडोजमधील खाती वेगवेगळी करावीत व प्रत्येकास स्वतःचा संकेतशब्द असावा. काम संपल्यावर खात्यातून पूर्ण बाहेर पडावे. नुसते खाते बदलल्यास आधीच्याची पाने रॅममध्ये तशीच पडून राहतात. बँकेचा संकेतशब्द सामाईक खात्यातील ब्राउझरमध्ये कधीही साठवू नये.

शेवटी एक इशारा. विंडोज ७ व ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ वी. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ११० वी आवृत्ती त्यांवर चालत नाही. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षादुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नाव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली. ज्या संगणकास सुरक्षादुरुस्ती मिळत नाही, त्यावर हिशेब पाहावा, पण बँकेचा व्यवहार करू नये.

आमच्या पेढीवर आता दोन खाती आहेत. रात्री निघताना दिवाणजी व आम्ही आपापली पाने बंद करून खात्यातून बाहेर पडतो, मग गल्ल्यास कुलूप लावतो. ही सवय आम्हांस अकरा वर्षांच्या विश्वासास तडा गेल्यावर लागली; वाचकांनी ती आजच लावून घ्यावी, आणि कोणावर संशय घेण्यापूर्वी आपलीच खिडकी उघडी तर नाही ना, हे एकदा पाहावे. चूकभूल द्यावी घ्यावी.