रडार डिटेक्टरला आधी कसं कळतं?

अमेरिकेत गाडीच्या काचेवर लावायची एक डबी मिळते. पुढे पोलीस रडार गन रोखून असतील तर ती आधीच ओरडते. गनच्याही आधी हिला कसं कळतं, हा माझा प्रश्न.

उत्तर आपल्याच सिलॅबसमध्ये आहे. डबीपर्यंत लहर एकेरी प्रवास करते, म्हणून तिची शक्ती अंतराच्या वर्गाने घटते. गनला मात्र गाडीवर आपटून परतलेली लहर लागते. ती चौथ्या घाताने घटते! के बँडच्या २४.१५ गिगाहर्ट्झला ताशी १०० किमी वेगाचा डॉप्लर फरक भरतो जेमतेम ४.५ किलोहर्ट्झ. काही दुकानांची आपोआप उघडणारी दारंही याच बँडवर चालतात, त्यामुळे डबी उगाचच बोंबलते ते वेगळंच.

लेसरपुढे मात्र तिचं काही चालत नाही. झोत ३०० मीटरवर साधारण मीटरभर रुंद, मोजणी सेकंदाच्या आत. डबी वाजली म्हणजे वेग मोजून झालेला. जाहिरातीतल्या ‘लेसर’ या शब्दासाठी मी तरी जादा पैसे देणार नाही.

व्हर्जिनियात ही डबी वापरणंच बेकायदा आहे. तिच्या लोकल ऑसिलेटरची लहर थोडी बाहेर गळते, आणि तेवढ्यावरून डबीलाच पकडणारी यंत्रंही निघाली आहेत.