भोपळ्याची बोली
जुन्नर-आंबेगावहून परदेशी नव्याने आलेल्या ख्रिस्ती घरांसाठी

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या भागातून बाहेर पडलेल्या आणि अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात दहा-वीस वर्षं काढलेल्या काही घरांच्या सांगण्यातून हे टिपण जमवलं आहे. भाडं, शाळा, विमा यांबद्दल सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. इथे विषय एकच आहे, नाताळच्या आधीचे काही आठवडे घरात उपकारस्तुती कशी टिकवायची.

हे सांगावं लागतं, कारण इकडे पहिल्या वर्षी बहुतेकांची गाडी घसरते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं आणि दुसऱ्याच दिवशी दुकानांत सवलतीची झुंबड. जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाने ‘मी कशाबद्दल आभारी आहे’ ते सांगायचं, आणि ताटं उचलायच्या आत मोबाइलवर टीव्हीचे भाव बघायचे. आम्हीही हेच केलं. मुलं ‘घर, आईबाबा, कुत्रा’ असं पाठ केल्यासारखं म्हणून मोकळी व्हायची. कॅनडात हा सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतो, म्हणून तिथल्या घरांना थोडी उसंत मिळते. ऑस्ट्रेलियात तो नाहीच. तिथे नोव्हेंबरात उन्हाळा तोंडावर आलेला असतो आणि शेतकरी गहू कापत असतो.

आपल्याकडची रीत आठवा. एकोणिसाव्या शतकात जुन्नरला चर्च मिशनरी सोसायटीचं ठाणं होतं, शेजारी नगरकडे अमेरिकन मराठी मिशन. नावं बदलली, १९७० साली उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, पण मराठी मंडळ्यांतला हंगामाचा सण राहिला. बाजरी निघालेली असते, सातगाव पठारावरचा बटाटा बाजारात गेलेला असतो, पश्चिमेकडे भात कापणीला येतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते तो वेदीपुढे आणून ठेवतो: पायलीभर बाजरी, भोपळा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. ज्याला शेत नाही तो पाकीट ठेवतो. उपासना संपली की लिलाव. भोपळा कुणीतरी बाजारभावाच्या चौपट बोलीने घेतो आणि परत देवळालाच देतो, की पुन्हा बोली. एकच कोंबडी तीनदा विकली जाते. मुलं खिदळतात, पाळकसाहेब गप्प करायचा प्रयत्न करतात, आणि पैसे मोजून जाहीर होतात.

यातलं मोजणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं. ज्यांनी घरात ही रीत पुन्हा लावली त्या सगळ्यांनी हेच सांगितलं. आभार वस्तूत उतरले, वस्तू हातातून गेली, की मुलाला ते कळतात. तसं पाहिलं तर आपल्या मातीत हे फार जुनं आहे. नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखात यज्ञांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापणांची यादीच कोरलेली आहे. दिलं, तर किती दिलं ते लिहा!

मग परदेशात काय आणून ठेवायचं? शेत नाही, पगाराची पावती आहे. काही घरांनी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दिवाणखान्यातच लिलाव लावला. प्रत्येकाने आपल्या मेहनतीचं काहीतरी आणायचं, म्हणजे आईची शेंगदाण्याची चटणी, मुलीने विणलेली टोपी, बाल्कनीतल्या कुंडीतले चार टोमॅटो. दोन-तीन मराठी कुटुंबं बोलवा. हिंदू शेजारी तर जरूर. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून आलेला असतो, नाताळच्या करंज्या तुमच्याकडून जायच्या आहेत. पैसे दोन वाटांनी जाऊ द्या, निम्मे तिथल्या अन्नपेढीला आणि निम्मे गावाकडच्या मंडळीला. इंग्लंडमधल्या चर्चमध्ये हंगामाची उपासना सप्टेंबर-ऑक्टोबरातच होते आणि लोक डबाबंद अन्न आणतात. तिथे लिलावाची कल्पना काढलीत तर आधी चमकतील. एका ठिकाणी पुढच्या वर्षी त्यांनीच विचारलं, या खेपेला भोपळा कोण आणणार?

एक व्यावहारिक सूचना. येताना बाजरीचे दाणे, हिरडा, बियाणं सामानात घालू नका. ऑस्ट्रेलियात विमानतळावर जाहीर न केल्यास दंड होतो, अमेरिकेतही कटकट होते. बाजरीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं.

रोजची कुटुंब प्रार्थना लांबवू नका. दहा मिनिटं पुरतात. लूक १७ मधली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट मुलांना मराठीत वाचून दाखवा. बरे झाले दहा, परत आला एकच, हे त्यांना लगेच खटकतं. गाणं मराठी असू द्या. ‘उपासना संगीत’ घरात असेल तर नारायण वामन टिळकांचं एखादं भजन घ्या. मुलांचे उच्चार वाकडे झाले तर होऊ द्यात, दरवेळी सुधारत बसलात तर ती गायचीच थांबतील.

आगमनकाळात, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार रविवारी, दर आठवड्याला एका माणसाला नाव घेऊन धन्यवाद कळवायचे. पहिलं घर मिळेपर्यंत आसरा देणारा, बर्फात गाडी चालवायला शिकवणारी शेजारीण, शाळेच्या बसचा चालक. चिठ्ठी मुलांनी लिहायची, भेट नको. ज्याच्याशी बिनसलं आहे त्याचं नाव यादीत येईल तेव्हा घरात शांतता पसरते, आणि त्या शांततेला उगाच घाईने शब्द देऊ नका, एवढं अनुभवाने सांगतो.

आणि यादीतलं पहिलं नाव गावाकडचं ठेवा. तुमच्या परीक्षेची फी कुणीतरी कांदा विकून भरली होती. न्यूयॉर्कच्या बाजूला असाल तर नोव्हेंबरात भारत साडेदहा तास पुढे असतो. थँक्सगिव्हिंगच्या रात्री जेवून फोन केलात तर तिकडे पहाट असते, लोक दचकून उठतात. त्यापेक्षा गुरुवारी सकाळी आठला लावा. मंचरला संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, धारा काढून झालेल्या असतात आणि आई फोनजवळ असते.