सतरंजीवर जमतं, ग्रीनवर का चुकतं?

प्रश्न : मी तेलीबांध्याला, तळ्याच्या जवळच्या एका इमारतीत राहतो. निवृत्तीनंतर गोल्फ शिकलो. रविवारी नवा रायपूरच्या मैदानावर जातो. बाकीच्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजी अंथरून, स्टीलचा पेला आडवा ठेवून पटिंग करतो. घरी सहा फुटांवरून चेंडू सहसा पेल्यातच जातो. मैदानावर मात्र चार फुटांवरूनही चुकतो, आणि कितीदा तरी होलच्या काठावर वळसा घेऊन बाहेर येतो. घरच्या सरावाचा काही उपयोग होतो का? की चांगला, महागातला पटर घेऊ?
– एक वाचक, तेलीबांधा, रायपूर

उत्तर : घोळ पेल्याचा आहे. आडवा पेला चेंडू कोणत्याही वेगानं आला तरी अडवतो. तुम्ही हलकेच ढकलला तरी आत, दणकून मारला तरी आत. होलचं तसं नसतं. तो जमिनीतला खड्डा आहे, आणि खड्ड्यात पडायला चेंडूला वेळ लागतो.

गोल्फच्या होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए संस्थेनं १८९१ साली हे माप नक्की केलं आणि तेव्हापासून ते जगभर तसंच आहे. चेंडूचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर असावा लागतो. म्हणजे होल चेंडूच्या अडीचपट रुंद. कागदावर ही ऐसपैस जागा वाटते, पण चेंडू होलवरून जात असतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाला त्याला खाली खेचायला सेकंदाचा अगदी लहानसा भाग मिळतो. तेवढ्यात तो पुरेसा खाली गेला नाही, तर पलीकडच्या काठावर आदळतो आणि उडून पुढे जातो. कॅरममध्ये जोरात मारलेली सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी जाऊन परत येते, तसंच.

ब्रायन होम्स या भौतिकशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये याचं गणित मांडलं. सपाट ग्रीनवर चेंडू होलच्या अगदी मध्यावरून गेला, तरी त्याचा वेग सेकंदाला १.६३ मीटरपेक्षा जास्त असेल तर तो आत राहत नाही. मध्यापासून जरा बाजूला गेला तर वेगाची ही मर्यादा आणखी खाली येते. उलट बाजूनं पाहिलं तर चेंडू जितका वेगात, तितका होल त्याच्यासाठी अरुंद. होल नसता तर चेंडू आणखी दीड फूट पुढे जाऊन थांबला असता, अशा बेताच्या वेगाला होलची साधारण पाऊण रुंदी कामाला येते. एक मीटर पुढे गेला असता, अशा वेगाला निम्म्याहून थोडी जास्त. काठावर वळसा घेऊन बाहेर येणारे तुमचे चेंडू दिशेनं फार चुकलेले नसावेत. त्या वेगाला होल जेवढा उरतो, त्याच्या बाहेर ते गेले. घरी पेल्यानं हे तुम्हाला कधी कळूच दिलं नाही.

म्हणून पहिलं काम, पेला उचलून स्वयंपाकघरात ठेवा. त्याच्या जागी सतरंजीवर दहा रुपयांचं नाणं ठेवा. चेंडू नाण्यावरून जायला हवा आणि पुढे फूट-दीड फुटाच्या आत थांबायला हवा. डेव्ह पेल्झ नावाचे पटिंगचे एक नामांकित प्रशिक्षक होते. ते आधी नासात संशोधक होते आणि पुढे आयुष्यभर गोल्फच्या लहान फटक्यांचा अभ्यास करत राहिले. होलच्या पुढे सतरा इंच जाईल इतका वेग सर्वांत चांगला, असं त्यांचं सांगणं होतं. काही मोठे खेळाडू याहून हळू पट करतात, काही जोरात. मला स्वतःला सतरा इंचांचा दंडक नवशिक्यासाठी सोयीचा वाटतो, कारण तो डोळ्यांनी तपासता येतो.

आता दिशेकडे वळू. घरच्या सरावाचा खरा उपयोग इथेच आहे, आणि तो मोठा आहे.

पटरनं मारलेला चेंडू कुठे निघणार, हे मुख्यतः चेंडूला लागतानाच्या क्षणी पटरचं तोंड कुठे आहे त्यावर ठरतं. हात सरळ गेला की किंचित कमानीत गेला, याचा परिणाम त्या मानानं फार थोडा. दिशेचा चार पंचमांशाहून जास्त वाटा तोंडाचा असतो. नवे खेळाडू हात रेषेत नेण्याची फार काळजी करतात आणि तोंड किती उघडं किंवा बंद राहिलं याकडे दुर्लक्ष करतात. मग काटेकोरपणा किती हवा? हळू जाणारा चेंडू सपाट जागी तीन फुटांवरून होलमध्ये पडायला दिशेत दोन्हीकडे साधारण ३.४ अंशांची चूक चालते. सहा फुटांवरून १.७ अंश. दहा फुटांवरून फक्त एक अंश. दीड फूट पुढे जाईल असा वेग धरला तर सहा फुटांची सवलत सव्वा अंशावर येते.

सव्वा अंश मोजायला उपकरण लागत नाही. तुमच्या हॉलमध्ये बहुधा दोन फूट बाय दोन फूट फरशा असतील. फरशीच्या सांध्याला समांतर सतरंजी अंथरा, म्हणजे सरळ रेषा आयतीच मिळेल. चेंडूपासून दोन फुटांवर, एक फरशी ओलांडल्यावर, दोन पेन्सिल सेल उभे करा. दोन्हींच्या मधली मोकळी जागा सात सेंटिमीटर ठेवा. त्या फटीतून सेलला न लागता चेंडू गेला, तर तो सहा फुटांवरच्या होलमध्ये बेताच्या वेगानं पडलाच असता. सेल पडला तर पट चुकला, आणि कोणत्या बाजूचा पडला त्यावरून तोंड उघडं होतं की बंद हेही कळलं. फट सहा सेंटिमीटर केली की परीक्षा कठीण होते. टायगर वूड्स पटरच्या दोन्ही बाजूंना दोन टी खोचून मधून पटर नेण्याचा सराव करत आला आहे, तेही अनेकदा एकाच हातानं. तुम्ही पटरसाठी नाही तर चेंडूसाठी दार लावताय, तत्त्व एकच.

एक काळजी घ्या. फरशा सपाट दिसतात, पण पाणी काढून देण्यासाठी बाल्कनीकडे किंवा मोरीकडे थोडा उतार ठेवलेला असतो. चेंडू दोन्ही दिशांनी हळूच घरंगळवून पाहा. एकीकडे वळत असेल तर जागा बदला, नाहीतर त्या उताराची सवय तुमच्या हाताला लागेल.

घरच्या सरावात दुसरी फसगत पुनरावृत्तीची. एकाच जागेवरून ओळीनं वीस पट मारले की तिसऱ्या-चौथ्यापासून हात आधीच्याच फटक्याची नक्कल करू लागतो. छान वाटतं, पण मैदानावर दर पट पहिलाच असतो. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी दाखवलं होतं की कामं आलटून-पालटून केलेला सराव करताना अवघड जातो, पण शिकलेलं जास्त टिकतं. त्यामुळे तीन चेंडू न घेता एकच घ्या. एक पट तीन फुटांवरून, पुढचा सहावरून, मग चारवरून. दर वेळी चेंडूमागे जाऊन उभं राहा, रेषा पाहा, मग पवित्रा घ्या. पंधरा मिनिटांत मारलेले पट कमी होतील, तरी चालेल.

मारताना डोळे कुठे असावेत, यावर कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९० च्या दशकापासून काम केलं आहे. चांगले खेळाडू फटका सुरू करण्याआधी चेंडूच्या एका जागेवर नजर स्थिर करतात, सुमारे दोन सेकंद, आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर नजर तिथेच राहते. नवशिक्याची नजर चेंडू, पटर, होल अशी फिरत राहते. चेंडू गेल्यावर लगेच डोकं वर काढायची सवय असेल तर ती आजच मोडायला घ्या. सतरंजीवर चेंडूच्या खाली खडूचा ठिपका काढा आणि चेंडू गेल्यावर तो ठिपका दिसला पाहिजे, असा नियम करा.

रविवारी ग्रीनवर जे भेटतं ते घरी नसतं. तिथे उतार असतो आणि गवत असतं. आपल्याकडच्या उष्ण हवेत ग्रीनवर बहुधा बर्म्युडा जातीचं गवत लावतात. ही आपल्या हरळीची, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वेचीच जात किंवा तिचा संकर. हरळी जमिनीलगत पसरते, तिची पाती एका बाजूला झुकतात. झुकावाच्या दिशेनं चेंडू भराभर जातो, विरुद्ध दिशेनं अडखळतो, आणि आडवा गेला तर वळतोही. ओळखायची खूण सोपी आहे. होलच्या दिशेनं पाहताना गवत चकचकीत, फिकं दिसलं तर झुकाव तुमच्यापासून पलीकडे आहे. गडद दिसलं तर तुमच्याकडे. होलच्या काठावरही बघा. ज्या बाजूचा काठ झिजलेला, पिवळसर असतो, त्या बाजूला गवत वाढतं आहे. रायपूरच्या पावसाळ्यात गवत ओलं आणि जरा उंच असतं, तेव्हा हे सगळं मंद होतं. कोरड्या दिवसांत तोच ग्रीन वेगळाच वाटेल.

सतरंजी आणि ग्रीन यांच्या वेगात किती फरक आहे, हेही मोजता येतं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ओकमाँट मैदानावर यू.एस. ओपन पाहताना एडवर्ड स्टिम्पसन यांना ग्रीनचा वेग मोजायची कल्पना सुचली. त्यांचं साधन म्हणजे खाच असलेली एक पट्टी. ती उचलली की ठरावीक कोनावर चेंडू सुटतो, आणि तो किती फूट गेला तोच ग्रीनचा वेग. तुम्ही वायरिंगच्या केसिंग पट्टीचा हातभर तुकडा घ्या, तिचं एक टोक ठरावीक जाडीच्या पुस्तकावर टेकवा आणि वरून चेंडू सोडा. घरी किती लांब गेला ते लिहा. तीच पट्टी, तेच पुस्तक सराव-ग्रीनवर नेऊन दोन्ही दिशांनी सोडा आणि सरासरी काढा. सतरंजी जास्त वेगवान निघाली तर घरी हात हलका चालायची सवय लागली असणार, आणि संथ निघाली तर उलट. खाली रबरी मॅट घालून किंवा काढून दोन्ही जवळपास आणता येतील.

मैदानावर पोचल्यावर पहिल्या टीकडे घाई करू नका. सराव-ग्रीनवर वीस मिनिटं द्या. आधी लांबचे चार-पाच पट मारा, होलकडे नाही, ग्रीनच्या कडेकडे, फक्त वेग जोखायला. मग थोडा उतार असलेला होल शोधा आणि त्याच्या चारही बाजूंना तीन फुटांवर चेंडू मांडा. एक चढावर, एक उतारावर, दोन आडव्या उतारावर. चारही पडले तरच पुढचा फेरा. फिल मिकेल्सन अशाच तीन फुटांच्या वर्तुळात ओळीनं शंभर पट पाडण्याचा सराव करत असे. ही रीत त्यानं जॅकी बर्क या जुन्या विजेत्याकडून घेतली होती. शंभराचा हट्ट तुम्ही धरू नका. उतारावरचा पट मात्र जास्त वेळा मारा, कारण तिथेच वेग हाताबाहेर जातो.

अपेक्षा किती ठेवायची, हेही माहीत असलेलं बरं. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदी तपासल्या. अमेरिकेच्या पीजीए दौऱ्यावरचे व्यावसायिक तीन फुटांवरून १०० पैकी ९६ पट पाडतात, पाच फुटांवरून ७७, आठवरून निम्मे आणि दहा फुटांवरून ४०. एका फेरीत नव्वदच्या आसपास फटके घेणारा हौशी खेळाडू पाच फुटांवरूनच निम्मे चुकतो. म्हणून चार फुटांवरचा चुकलेला पट म्हणजे नामुष्की नव्हे. पण सुधारायला सर्वांत जास्त जागा तिथेच आहे, आणि वयाचा अडसर तिथे सर्वांत कमी. निवृत्तीनंतर तीनशे यार्डांचा ड्राइव्ह शिकता येत नाही, सहा फुटांचा पट शिकता येतो.

बंगळूरची अदिती अशोक आठवा. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या वेळी कासुमिगासेकीच्या मैदानावर तिचा ड्राइव्ह बहुतेक सगळ्या प्रतिस्पर्ध्यांपेक्षा आखूड होता. तरीही ती चार दिवस पदकाच्या शर्यतीत राहिली, ती पटिंगच्या जोरावर. अखेर पारपेक्षा १५ फटके कमी खेळून, पदकापासून एका फटक्यानं दूर, ती चौथी आली. शेवटच्या होलवरचा लांबचा पट पडला नाही, हे पाहणाऱ्या सगळ्यांना लागलं. पण लांब मारता येत नसताना जगातल्या उत्तम खेळाडूंच्या पंक्तीला बसता येतं, हे तिनं त्या चार दिवसांत दाखवलं. व्यावसायिकांचं पटिंग जवळून पाहायचं असेल तर त्यासाठी आता दिल्ली-बंगळूर गाठावं लागत नाही. भारतीय व्यावसायिक दौऱ्याची छत्तीसगड ओपन २०२५ मध्ये तुमच्या नवा रायपूरलाच झाली. पुन्हा अशी स्पर्धा आली तर सामन्यापेक्षा सकाळी सराव-ग्रीनजवळ जाऊन उभे राहा. चेंडूपाशी जाण्याआधी ते काय काय करतात, तेवढंच पाहा.

राहिला पटरचा प्रश्न. महागड्या पटरमध्ये चेंडू मध्यभागी लागला नाही तरी तोंड कमी वळतं, हे खरं. पण चेंडू मध्यभागी लागतो की नाही, हे आधी तपासा. पटरच्या तोंडावर थोडी टाल्कम पावडर लावा आणि दहा पट मारा, ठसे दिसतील. पटरची लांबी मात्र दुकानात दाखवून घ्या. उंच माणसानं आखूड पटर धरला तर डोळे रेषेच्या बाहेर जातात. दोन महिने पेल्याशिवाय, सेलच्या दारातून, एकाच चेंडूनं सराव करा. रविवारी तीन ते सहा फुटांवरून किती मारले आणि किती पडले, ते स्कोअरकार्डाच्या मागे लिहीत चला. त्या आकड्यांत फरक दिसला नाही, तर मला पुन्हा लिहा. तोपर्यंत नवा पटर घेऊ नका.