देहाची राखण

शेतात अनवाणी चालताना पायात काटा मोडतो. काटा दिसतो, त्याच्याबरोबर आत शिरलेले जंतू मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. एरवी त्वचा त्यांना बाहेरच थोपवून धरते. अश्रू व लाळ यांतही जंतूंना मारणारी द्रव्ये असतात. परंतु त्वचा एकदा भेदली गेली, की शरीराला आतच झुंज द्यावी लागते.

काही तासांत जखमेभोवतीचा भाग लाल होतो, सुजतो, ठणकू लागतो. माणूस या सुजेला घाबरतो. वस्तुतः संरक्षणाचे कार्य तेथेच सुरू झालेले असते. रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या भिंतींतून बाहेर पडलेल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळू लागतात. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती जमलेल्या अशाच भटक्या पेशी त्याला सूक्ष्मदर्शकातून दिसल्या. जखमेतील पू म्हणजे बहुतांशी या लढाईत कामी आलेल्या पेशीच होत.

इकडे जांघेत अवधाण येते. तेथील लसिका ग्रंथींत दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जंतूची ओळख पटवून घेतात, झपाट्याने वाढतात आणि नेमक्या त्याच जंतूला चिकटणारी प्रतिपिंडे तयार करतात. रोग हटल्यावरही त्यांतील काही पेशी मागे राहतात. त्यांची स्मृती किती दीर्घ असू शकते, याचा पुरावा अटलांटिक महासागरातील फॅरो बेटांवर मिळाला. तेथे १७८१ साली गोवराची साथ येऊन गेली होती. त्यानंतर ६५ वर्षे तो रोग बेटांवर फिरकला नाही. १८४६ साली तो पुन्हा आला, तेव्हा ७,७८२ रहिवाशांपैकी सुमारे ६,००० जणांना त्याने गाठले. मात्र बालपणी गोवर येऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकालाही तो दुसऱ्यांदा झाला नाही, असे पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टराने नोंदवून ठेवले.

प्रत्येक रोगाबाबत असे घडत नाही. काट्यावाटे शिरणाऱ्या धनुर्वाताच्या जंतूंचे विष इतके जहाल असते, की प्राण घेण्यास पुरेशी ठरणारी मात्राही शरीराला त्याची ओळख पटण्यास अपुरी पडते. म्हणूनच धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही तो पुन्हा होऊ शकतो व त्यालाही लस टोचून घ्यावी लागते. या लशीत तेच विष निर्विष करून, पण ओळख पटेल एवढ्या मात्रेत दिलेले असते.